दुसऱ्या गटातला हुंकारा

जयमालाबाईंचा एक नियम होता आणि बावीस वर्षांच्या नोकरीत तो त्यांनी एकदाही मोडला नव्हता. ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हटल्याशिवाय गोष्टीतलं पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातून बाहेर पडत नसे. राजा शिकारीला निघाला की वर्गातून ‘हं’ आलं पाहिजे. नाही आलं, तर राजा रिकिबीत एक पाय अडकवून तसाच लटकत राहणार आणि बाई निवांत खडूचे तुकडे निवडत बसणार. मग पहिलीतल्या पोरांनाच राजाची दया यायची, सगळा वर्ग एका सुरात ‘हंऽऽ’ करायचा आणि राजा एकदाचा खोगिरावर टेकायचा.

हा नियम त्या कुठल्या प्रशिक्षणात शिकल्या नव्हत्या. पारनेरकडच्या त्यांच्या माहेरी बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसलं की आई, भागिरथीबाई, गोष्ट सांगायची. हुंकारा थांबला म्हणजे पोरगं पेंगलं आणि पोरगं पेंगलं म्हणजे शेंगा फोडायच्या थांबल्या, एवढंच त्या माउलीला कळायला हवं असे. लेकीनं मोठेपणी तीच रीत शाळेत आणली. फळ्याकडं तोंड असतानासुद्धा कोणता हुंकारा कमी आला आणि कोणतं पोर मनानं वर्गातून पळालं, हे बाईंना बरोबर कळायचं.

आणि मग ते वर्ष आलं. शाळांना कुलपं लागली आणि वरून हुकूम आला की शिक्षण मात्र चालू ठेवा. कसं ठेवा, ते हुकूम काढणाऱ्यांनाच ठाऊक.

शेवगाव तालुक्याच्या पूर्व टोकाला असलेली त्यांची शाळा दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची. तिसरी-चौथी नितीन सरांकडं, पहिली-दुसरी जयमालाबाईंकडं. बाईंची चोवीस पोरं. त्यांतल्या सात घरी मोठा फोन, आणि सातांतले चार फोन दिवसभर बापांच्या खिशात, शेतात नाहीतर टेम्पोत. तरी बाईंनी हट्टानं घरातल्या स्वयंपाकखोलीत बसून, दार लावून, गोष्टी रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकल्या. उत्तरादाखल सात अंगठे आले. वाघानं गाय खाल्ली तरी अंगठा, गाय वाघाच्या तावडीतून सुटली तरी अंगठा. असे अंगठे बघून बघून बाईंचं डोकं उठलं.

“अहो, ऐकतंय कोण?” त्या नितीन सरांना म्हणाल्या. “भिंतीला गोष्ट सांगितली असती तर निदान भिंतीनं आवाज तरी परत दिला असता.”

नितीन सर शांत माणूस. ते म्हणाले, “मॅडम, रोजच्या अहवालाची लिंक भरली ना? मग झालं.”

पण बाईंचं होत नव्हतं. त्यांत पहिलीची पोरं होती. त्यांनी अजून शाळेची पायरीसुद्धा चढलेली नव्हती. बाईंना त्यांचे चेहरे माहीत नव्हते, त्यांना बाईंचा आवाज माहीत नव्हता. अक्षर पुढं कधीतरी येईल. पण बसून ऐकायचं कसं, ऐकलेलं मनात धरून ठेवायचं कसं, हे सहाव्या वर्षी नाही लागलं तर पुढं सगळंच लंगडत चालतं, हे बाईंनी बावीस वर्षं पाहिलं होतं.

दिवाळीनंतर त्यांनी स्वतःच एक तोड काढली. साधा, बटणांचा फोन तर बऱ्याच घरांत होता. त्यावर एका वेळी पाच जणांना जोडता येतं. मग त्यांनी वहीत दोन गट पाडले, पाच-पाच पोरांचे. पहिला गट संध्याकाळी सातला, दुसरा साडेसातला. म्हणजे तोवर फोन रानातून घरी आलेला असतो. ज्या नऊ पोरांच्या घरी फोनच नव्हता, त्यांच्याकडं मंगळवारी आणि शुक्रवारी त्या स्वतः स्कूटीवर जायच्या. उरलेली पाच आईबापांसंगं ऊसतोडीला गेली होती, त्यांच्या नावापुढं वहीत नुसती रेघ.

फोनवर गोष्ट सांगणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं सांगितली त्यालाच कळावं. नंबर लावला की आधी कंपनीनं लावलेला करोनाचा खोकला. मग हात धुवा, तोंड झाका, हा उपदेश. असा पाच वेळा खोकला आणि पाच वेळा उपदेश ऐकून झाला की पाचवं पोर जोडलं जायचं, आणि तेवढ्यात पहिलं तुटायचं. जोडले गेलेलेही सगळे एकदम ‘हॅलो, हॅलो’ करायचे. कुणाच्या घरात टीव्ही, कुणाच्या दारात कुत्रं. दुसऱ्या गटातल्या संस्कृतीच्या बापाला गोष्टीच्या ऐन भरात दुसरा फोन यायचा. तो गोष्ट होल्डवर टाकायचा आणि मग त्याच्या फोनातलं भजन बाकीच्या चौघांच्या कानात वाजत राहायचं. कोल्हा विहिरीत, वर टाळ-मृदंग.

“हं म्हणा रे!” बाई ओरडायच्या. “हं म्हटल्याशिवाय कोल्हा बाहेर येणार नाही!”

“बाई, ते जेवतंय,” कुणीतरी आई सांगायची. “तुमी सांगा, मी आयकते आन सांगते त्याला.”

“तुम्ही नका ऐकू. त्याला फोन द्या.”

“त्याचे हात खरकटे हायेत.”

रोज अर्ध्या तासानं बाई फोन खाली ठेवायच्या तेव्हा कान तापलेला आणि घसा बसलेला असायचा. नवरा सहादेव ताट वाढून वाट पाहत असायचा. तो एकदा म्हणाला, “एवढं ओरडायचं तर फोन कशाला पायजे? अंगणात उभी राहिलीस तरी ऐकू जाईल त्यांना.” त्या दिवशी त्याला भाजी परत वाढली गेली नाही.

या सगळ्या वैतागात बाईंना एकच दिलासा होता. दुसऱ्या गटातली ज्ञानेश्वरी. फोन कुणीतरी बाई उचलायची. आजी असेल, चुलती असेल. बाईंना पाच नंबर जोडायच्या घाईत ते विचारायला सवड नव्हती. ‘बोला बाई, पोरगी जवळच हाय,’ एवढं ती सांगायची, आणि मग वाक्यामागून वाक्य, न चुकता, बारीक आवाजात ‘हं’ यायचं. तिच्याकडं टीव्ही नाही, भजन नाही. लांब कुठंतरी बैलांच्या घुंगरमाळा वाजायच्या तेवढ्याच. बाकीच्या चौघांनी दगा दिला तरी बाई त्या एका ‘हं’च्या जोरावर गोष्ट शेवटाला न्यायच्या.

आणि हा हुंकारा ज्ञानेश्वरीचाच असावा, याचं बाईंना जास्त समाधान होतं. कारण या पोरीसाठी त्यांनी शब्द टाकला होता.

दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला त्यांचा वर्ग फुटायचा. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडं निघायच्या, कोयत्यांसंगं पोरंही जायची. ऊन तापल्यावर परत यायची तेव्हा होती नव्हती ती अक्षरं पुसून आलेली. दरवर्षी बाई गाडीपाशी जाऊन भांडायच्या आणि दरवर्षी हरायच्या. त्या साली मात्र त्यांनी ज्योतीला गाठलंच. ज्योती कानिफनाथची बायको, पंचविशीच्या आतबाहेरची. ओढ्यापलीकडं चार घरांची वस्ती, तिथलं शेवटचं घर हिचं. पोरगी पहिलीला नाव घातलेली आणि घरी सासू, बनुबाई, धडधाकट.

“आजीजवळ ठेव तिला,” बाई म्हणाल्या होत्या. “पहिलीचं वर्ष आहे. हे बुडालं की सगळं बुडालं.”

ज्योती गाडीत भांडी लावत होती. “पर शाळा तर बंद हाय ना बाई?”

“शाळा बंद आहे, मी बंद नाही. मी शिकवते तिला. माझा शब्द.”

ज्योतीनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा आपल्या लुगड्याला धरून उभ्या असलेल्या पोरीकडं. पोरगी काही बोलली नाही. आईच्या मागं तोंड लपवून ती मुखपट्टी बांधलेल्या या बाईकडं एका डोळ्यानं बघत होती. ज्योतीनं पोरीचं गाठोडं गाडीतून खाली काढलं.

बाईंना वाटलं, जिंकले. आणि जिंकल्याच्या भरात त्यांची जीभ सुटली. तिथं जमलेल्या सगळ्यांकडं वळून त्या म्हणाल्या, “आणि एक ऐका. पोरं मागं ठेवाल आणि फोन बंद करून बसाल, असं चालणार नाही. जो फोन उचलणार नाही, त्याच्या पोराचं नाव मी पटावरून काढून टाकीन!”

आता पटावरून नाव काढायचा अधिकार काही बाईंच्या हाती नव्हता. असता तरी त्यांनी तो वापरला नसता, कारण पट उतरला तर शाळाच जायची. पण राग आला की त्या असं काहीबाही बोलून जायच्या आणि घरी पोहोचेपर्यंत विसरून जायच्या. ऐकणारे विसरत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात यायचं नाही. ज्योतीनं आपला नंबर सांगितला, “ह्योच लावा,” म्हणाली, आणि बाईंनी तो वहीत लिहून घेतला.

जानेवारीच्या शेवटी त्यांनी टिटवीची गोष्ट सांगितली. टिटवी उघड्या रानात, गोट्यांमध्ये अंडी घालते. ऊन तापतं. अंडी भाजायला लागतात. टिटवी उडते ती लांब नदीवर जाते, पाण्यात पोट भिजवते आणि तशीच येऊन अंड्यांवर बसते. बाईंनी टिटवीला नदीकडं उडवलं आणि नेहमीप्रमाणं मध्येच प्रश्न टाकला, “आता सांगा, एवढ्या उन्हात अंडी टाकून टिटवी का बरं गेली?”

संस्कृती भजनात होती. एक पोर म्हणालं, तहान लागली. एक म्हणालं, कंटाळा आला.

“टाकून न्हाई गेली,” बारीक आवाज आला. दुसऱ्या गटातला तोच आवाज. “ठिवून गेली. पोट भिजवून माघारी येनारे ती.”

सहा वर्षांची पोर! अजून गोष्ट नदीपाशी पोहोचलीसुद्धा नव्हती. फोन ठेवल्यावर त्यांनी सहादेवला दोनदा सांगितलं, मग राहवेना म्हणून केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं. पहिलीची विद्यार्थिनी, कधी शाळेत न बसलेली, नुसत्या फोनवरच्या गोष्टीतून कसं उत्तर देते बघा. खाली चाळीस अंगठे आले, आणि त्या दिवशी बाईंना अंगठ्यांचा राग आला नाही.

सकाळी केंद्रप्रमुखांचा फोन. “मॅडम, अतिशय सुंदर. त्या मुलीचा व्हिडिओ पाहिजे. ती गोष्ट ऐकतेय, हुंकारा देतेय, असा. दोन मिनिटांचा. आपल्या केंद्राचं नाव वर जाईल.”

“साहेब, तिच्या घरी साधा फोन आहे. व्हिडिओ कसा निघेल?”

“मग तुम्ही जा आणि काढा. परवापर्यंत पाठवा.”

खरं तर बाई त्या वस्तीवर दिवाळीपासून फिरकल्याच नव्हत्या. जायचं कारण काय? फोन नसलेल्या नऊ घरांचेच उंबरे झिजवता झिजवता जीव जात होता. जी पोर रोज साडेसातला चोख हजर असते, तिच्याकडं जाऊन करायचं काय? गृहभेटीच्या यादीतून तिचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं वगळलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला त्यांनी ओढ्यापाशी स्कूटी लावली आणि गोट्यांतून चालत वस्तीवर पोहोचल्या. चारांतल्या तीन घरांना कुलपं. शेवटच्या घरापुढं बनुबाई कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे भारे रचत होती. दोन शेळ्या, एक पिलू, आणि पिलाच्या गळ्यात हात टाकून बसलेली ज्ञानेश्वरी. बाईंना बघताच ती पिलासकट घरामागं पळाली.

“या बाई,” बनुबाई म्हणाली. “आज वाट चुकला जणू.”

“चुकले नाही, मुद्दाम आले. तुमच्या नातीचं नाव काढलंय साहेबांनी.” आणि बोललेलं कानावर पडताच बाई घाईनं म्हणाल्या, “म्हणजे कौतुक केलंय. फोन कुठंय तुमचा? मी लांब उभी राहून गोष्ट सांगते, तिच्या हातात फोन द्या, आणि ती ऐकतेय असा व्हिडिओ काढते.”

“कंचा फोन?”

“तुमचा. घरातला.”

“घरात कुठला आलाय फोन?” बनुबाईनं पदरानं तोंड पुसलं. “एकच हाय, त्यो त्या दोघांसंगं गेलाय कोल्हारकडं. टोळीला लागतो की. मुकादम पहाटं त्याच्यावरच बोलिवतो.”

बाईंना आधी नीट कळलंच नाही. “अहो, असं कसं? रोज संध्याकाळी साडेसातला ही माझ्याशी बोलते. गोष्ट ऐकते. हं म्हणते!”

“ही?” बनुबाई हसली. “साडेसातला ही शेळीच्या पिलाला कवळून झोपलेली असती बाई. उठवली तरी जेवत न्हाई.”

जयमालाबाई पऱ्हाटीच्या भाऱ्यावर बसल्या. मग उठून घरामागं गेल्या. “ज्ञानेश्वरी,” त्यांनी विचारलं, “टिटवी अंडी ठेवून कुठं गेली गं?” पोरीनं पिलाला आणखी घट्ट धरलं. तिला टिटवी माहीत असणार, रोज ओरडतात त्या रानात. पण ही बाई कोणत्या टिटवीबद्दल विचारतेय, याचा काही मागमूस त्या तोंडावर नव्हता. कोल्हा नव्हता, राजा नव्हता, काहीच पोहोचलं नव्हतं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. शाळेपासून ही वस्ती पायी वीस मिनिटं, आणि बाई रोज संध्याकाळी घसा फोडत शंभरेक किलोमीटर लांबच्या उसाच्या फडाला गोष्टी सांगत होत्या.

राग असा आला की त्यांनी तिथंच फोन काढला. त्यांनी नंबर लावला. खोकला झाला, उपदेश झाला.

“बोला बाई,” पलीकडून आवाज आला. मागं कोयते चालल्याचा खसखस आवाज. “आज दुपारचंच? पोरगी जवळच हाय.”

“कुठं जवळ आहे? माझ्यासमोर उभी आहे ती!”

तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्या नंबरावरून हुंकारा आला नाही. बाई थांबल्या. मग अगदी हळू, आणि आता मुळीच बारीक नसलेल्या आवाजात ज्योतीनं विचारलं, “नाव काढलं का बाई तिचं?”

“तीन महिने, ज्योती! तीन महिने फसवलंस मला. आवाज बारीक करून हं म्हणत होतीस? लाज नाही वाटली?”

“वाटली की. कानिफनाथ हसायचे मला. कोप्यातली सारी मानसं हसायची.” ज्योतीला धाप लागली होती. “पर तुमीच म्हन्ला व्हता ना बाई, फोन न्हाई उचलला तर नाव काढीन. फोन घरी ठिवला तर टोळीचं अडतं, संगं आनला तर पोरीचं नाव जातं. मी काय करू? म्हन्लं, नुसतं हं तर म्हनायचंय. तेवढं तर मला येतंय.”

“मग मला सांगायचं होतंस! मी आले असते घरी.”

“तुमी लई रागात बोलता बाई. आमाला वाटतं खरंच हाय.”

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“टिटवीच्या दिवशी माझी चूक झाली,” ज्योती म्हणाली. “गप बसायला पायजे व्हतं. पर तुमी म्हन्ला, टाकून गेली. ते न्हाई सहन झालं मला.”

खसखस थांबली होती. कुणीतरी लांबून हाक मारत होतं.

“सगळ्या ध्यानात हायेत माझ्या,” ती घाईनं म्हणाली. “कोल्हा, राजा, ती म्हातारी, समद्या. मी शाळंत व्हते तवा दिवाळीनंतर आमी जायचो, म्हनून माझी एक बी गोष्ट पुरी झालेली न्हवती. ह्या पुऱ्या झाल्या. घरी आले की तिला सांगनारे. इसरले न्हाई.”

बाईंचा राग अजून उतरला नव्हता, पण त्याला उभं राहायला जागा उरली नव्हती. त्या म्हणाल्या, “आत्ता सांग. मी फोन धरते.”

“आत्ता? मोळ्या बांधायच्या राह्यल्यात बाई. गाडी उभी हाय.”

“दोन मिनिटं. टिटवीची सांग.”

त्यांनी फोनचा आवाज मोठा केला आणि पोरीसमोर हात लांब करून धरला. “ज्ञानू,” फोन म्हणाला. पोरगी दचकली. पिलू तिच्या हातून सुटलं. ती फोनपाशी आली, वाकून त्याच्यात पाहू लागली. “ज्ञानू, आयक. येक टिटवी व्हती. हं म्हन. न्हाई म्हन्लीस तर टिटवी उडायची न्हाई.”

“हं,” ज्ञानेश्वरी म्हणाली. तिचा आवाज बारीक नव्हताच. चांगला भरड होता, आजीसारखा.

ज्योतीनं गोष्ट सांगितली. बाईंच्या गोष्टीत नसलेली बाभूळ तिच्यात आली, टिटवीला दोन जावा आल्या, आणि शेतात नांगर घेऊन एक माणूस आला त्याला टिटवीनं हात जोडले. पोर प्रत्येक वाक्याला ‘हं’ म्हणत होती आणि बाई, बावीस वर्षांच्या बाई, हाताला रग लागली तरी फोन धरून उभ्या होत्या. टिटवी नदीवर पोहोचली. तिनं पाण्यात पाय घातला. आणि ज्ञानेश्वरीनं हं म्हणायच्या जागी विचारलं, “आई, तू कवा येनार?”

पलीकडून पुरुषी आवाजात हाक आली, गाडी भरायला घ्या. ज्योती म्हणाली, “बाईंना इचार. बाईंनीच ठिवून घेतलंय तुला.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसती घाई होती. फोन तुटला.

पोरगीनं बंद झालेल्या फोनाला बोट लावून पाहिलं. मग तिनं मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा बाईंशी बोलली.

“आई कवा येनार?”

जयमालाबाई खाली बसल्या. तोंडावरची पट्टी त्यांनी हनुवटीखाली ओढली. “कारखाना बंद झाला की. उन्हाळ्यात.”

“मंग तवर?”

“तोवर मी येईन. रोज येईन गोष्ट सांगायला.”

ज्ञानेश्वरीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “न्हाई येनार.”

“येईन गं. शब्द देते.”

“दिल्ता की,” ती म्हणाली. “आईला दिल्ता तुमी. गाडीपाशी.” आणि पिलाला हाका मारत ती बांधाकडं निघून गेली.

“पोर हाय बाई,” बनुबाई मागून म्हणाली. “मनावर घेऊ नका.”

पण बाईंनी घेतलं. ओढ्यापर्यंतच्या वाटेवर त्या एकट्याच बडबडत होत्या. आजवर राग आला की तो घालायला कुणी ना कुणी मिळायचं. हुकूम काढणारे, नितीन सर, संस्कृतीचा बाप, सहादेव. आज त्यांनी एकेकाला आठवून पाहिलं आणि प्रत्येक वेळी गाडीपाशी उभं राहून तावातावानं बोलणारी आपलीच मूर्ती डोळ्यांपुढं यायला लागली. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेनं आणखी संताप आला. फोन वाजला. केंद्रप्रमुख होते, व्हिडिओचं काय झालं विचारत होते.

“व्हिडिओ नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “त्या पोरीला मी नव्हतेच शिकवत. मला वाटत होतं, शिकवतेय.”

“म्हणजे काय मॅडम? ग्रुपवर तर तुम्ही...”

“ग्रुपवर मी चुकीचं लिहिलं. आज संध्याकाळी तिथंच खरं लिहिते. आणि उद्यापासून सकाळी दहा ते अकरा मी ओढ्यापलीकडं असेन, तेव्हा लिंक भरायला सांगू नका.”

दुसऱ्या दिवशी दहाला त्यांनी गोट्यांत स्कूटी लावली आणि वस्तीवर चढल्या. ज्ञानेश्वरी दारातच उभी होती. तिनं बाईंना येताना पाहिलं, हलली नाही, हसली नाही. बाई जवळ आल्यावर मान वळवून ती आत ओरडली, “आजे, आज आल्या.” मग जरा थांबून म्हणाली, “उद्याचं उद्या बघू.”